पाठीची चांदी

रात्री नऊला हॉटेलच्या अंगणात
आमचा उत्सव असतो. रोज.
सोमवारी सुट्टी.

मी तिसऱ्या रांगेत, डावीकडून चौथी, नखुम रोय.
काळं जाकीट, त्यावर चकत्यांचे तीन पदर,
अ‍ॅल्युमिनियमचे. मॅनेजर यांग म्हणतो, लांबून कोणाला कळतंय.
लांबून नाहीच कळत.
अंगात घातलं की कळतं:
चांदी किणकिणते,
हे नुसतं खडखडतं, पत्र्याच्या डब्यात सुटे नाणे टाकल्यासारखं.

वीस मिनिटांत आम्ही भात पेरतो, कापतो,
एक लग्न लावतो,
पूर्वजांना उत्तरेच्या डोंगरावर पोहोचवतो
आणि उरलेल्या वेळात पाहुण्यांबरोबर फोटो.

मग पाहुणे निघतात रात्रबाजाराकडे.
तिथे पोरं टॉर्च लावून दगडाचं पोट बघतात,
हिरवं आहे का आत, किती आहे,
आणि मोबाइलपुढे ओरडतात, घरच्यांनो, घरच्यांनो, हा शेवटचा तुकडा!
घरचे म्हणजे कोण?
हजारो कोस लांब गादीवर लोळणारे अनोळखी लोक.
येसाङच्या गाडीवर मी दोनपर्यंत केळी तळते.
दाई बाई ती, पाण्याच्या सणाला मला नखशिखांत भिजवणारी,
हिशेबात मात्र कोरडी ठणठणीत.

बाजाराची शेवटची ट्यूब संपते तिथून केळीची बाग,
बाग संपते तिथे कुंपण.
आधी तिथे ओढा होता, चप्पल हातात घेऊन ओलांडायचा.
ओढा अजून आहे. त्याला कोणी विचारत नाही.

पलीकडे लू. माझी मोठी बहीण.
तिचं लग्न ठरलं तेव्हा आईने दिव्याखाली बसून
आपलं जाकीट उसवलं.
पुढची चांदी लूला दिली, पाठीची मला.
आम्ही भांडलो. पाठ कोण बघतं, मी म्हटलं.
आई दाताने दोरा तोडत म्हणाली,
मागून येणारा बघतो.

नाच आधी पाखरांचा होता, असं आमच्यात सांगतात.
माणसं झाडाखाली उभी राहून शिकली,
म्हणून पुढाऱ्याच्या डोक्यावर आजही धनेशाची चोच.
उंच खांबांवर वळणं कोरलेली असतात,
ती वाट पायांनी वाचायची,
शेकडो माणसं एकामागे एक,
आत, आत, आणि मग उलगडत बाहेर.
दर वर्षी ओढा ओलांडून लू यायची.
मी पुढे, ती मागे.
माझी पाठ, तिची छाती,
मधल्या वीतभर जागेत
आईचं जाकीट सबंध व्हायचं.

यंदा सणाला हॉटेल बंद नव्हतं,
मी बिनपगारी रजा घेतली.
पाठीला चांदी, पुढे तेच अ‍ॅल्युमिनियम,
पोटात बांबूच्या नळीतली दारू, पानात बांधलेला भात.
ढोल लागला आणि मी मागे
एका माणसाची जागा सोडली.
तलवारवाला मारान गाम धावत आला,
अंतर नको, रांग तुटते!
मी हो म्हटलं, जागा तशीच ठेवली.
दुसऱ्या वळणाला त्या जागेत
टोपीवाली एक बाई शिरली, कुठल्यातरी मोठ्या शहरातली,
पाय चुकत होते, हसत होती,
मध्येच तिने माझ्या पाठीच्या चकतीला बोट लावून विचारलं,
ही खरी का?

मी वळले नाही. वळायचं नसतं.

रात्री लूचा फोन. चित्र अडकत अडकत येत होतं,
तिचं कपाळ, मग अंधार, मग हनुवटी.
ढोल ऐकू आला म्हणाली,
भांडी घासता घासता अंगणातच नाचले.
जाकीट घातलेलंस?
ती उत्तर देणार तेवढ्यात लाइन गेली.

मंगळवारी यांगने हजेरी घेतली.
म्हणाला, पाठीमागे काहीतरी वाजतंय तुझ्या,
माइकमध्ये येतंय.